धडा सातवा : दार वाजल्यास

ज्यांना घर नाही त्यांना घर कसं चालवावं हे शिकवायची नोकरी मला शहाण्णव सालच्या दसऱ्यानंतर लागली. हे वाक्य मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे. समोरचा आधी कौतुकाने मान डोलावतो, मग जरा थांबतो आणि माझ्याकडे नीट बघतो. खरं तर तेव्हा मीच थांबून बघायला हवं होतं. पण मी पंचविशीची होते, समाजकार्याची पदवी कोरी करकरीत होती, आणि वाशीला दादाच्या फ्लॅटमध्ये हॉलमधल्या फोल्डिंग कॉटवर झोपत होते. सकाळी वहिनी केर काढायला यायच्या आत कॉट मिटून दाराआड उभी करावी लागे. माझे कपडे सुटकेसमध्ये आणि सुटकेस दादाच्या दिवाणाखाली. अशी मी लोकांना कपाट लावायला शिकवणार होते.

संस्थेचं नाव सुगृह संस्कार मंडळ. मंडळ म्हणजे चारुलताताई, आणि त्या बोलताना ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्या दोन बायका. ताईंचा फ्लॅट इतका नीटनेटका होता की तिथे कोणी राहत असेल असं वाटायचं नाही. तुर्भ्याच्या मार्केटमागे हायवेच्या पुलाखाली कुटुंबंच्या कुटुंबं राहतात हे त्यांना एकदा गाडीच्या काचेतून दिसलं आणि त्यांचं मन द्रवलं. दुसरं कोणी असतं तर चार घोंगड्या वाटून मोकळं झालं असतं. ताईंनी पुस्तिका लिहिली. ‘सुगृहाचे बारा धडे’. पहिला धडा, फडताळाची मांडणी. तिसरा धडा, फ्रिजची निगा.

पुस्तिका छापून झाल्यावर ताईंच्या लक्षात आलं की शिकायला घर लागेल. मग मंडळाने नेरूळला सिडकोच्या बैठ्या घरांमधली एक खोली अकरा महिन्यांच्या करारावर घेतली आणि तिला ‘नमुना घर’ असं नाव दिलं. एक खोली, ओटा, मोरी, भिंतीतलं कपाट, दाराला साखळी आणि टिंगटाँग करणारी बेल. शिवाय जाहीर केलं की तीन महिन्यांचा वर्ग पुरा करून जे कुटुंब परीक्षेत पास होईल त्याला हीच खोली राहायला मिळेल.

पुलाखालची सहा कुटुंबं नाव घालायला पुढे आली. आठवड्यातून तीन दिवस दुपारी ताईंच्या यजमानांचा टेम्पो त्यांना आणायचा आणि सोडायचा. फ्रिजच्या धड्याला मी भिंतीवर फ्रिजचं चित्र लावलं आणि कोणत्या कप्प्यात काय ठेवावं ते छडीने दाखवलं. पुढच्या वेळी टेम्पोतून तीनच कुटुंबं उतरली. एक कंटेनरच्या कामाला उरणला गेलं होतं, एक गावी, एकाने कारण सांगण्याचीही तसदी घेतली नव्हती. पुतळा नावाची एक बाई होती, तिने मात्र जाताना कारण सांगितलं.

“बाई, आदी घर द्या, मग शिकवा,” ती म्हणाली. “आदी शिकवलं आन् मागनं घर न्हाय दिलं, तर ते शिकल्यालं ठिवू कुटं?”

मी ते ताईंना सांगितलं. ताई म्हणाल्या, “बघ, हीच ती मानसिकता.”

शेवटी उरलं एक कुटुंब. रखमा, तिचा नवरा कृष्णात, साडेचार वर्षांची मोनाली आणि तीन वर्षांचा कुलदीप. मूळचे साताऱ्याकडचे. कृष्णात कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर गोणी उचलायचा. आधी डोंगराच्या कडेला त्यांची झोपडी होती, ती रस्त्यात गेली, तेव्हापासून पाच वर्षं पूल. पाचवं माणूस म्हणजे कृष्णातची आई, राहीबाई. ती वर्गाला कधीच आली नाही. माझ्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे तीन महिने गैरहजेरीच्या फुल्या आहेत.

रखमा सुरुवातीपासून गंभीर होती. मी जे सांगेन ते करायची, मूर्खपणाचं असलं तरी. पडद्याचा रंग भिंतीला कसा जुळवावा हे तिने मान खाली घालून ऐकलं. पाण्याच्या काटकसरीच्या धड्याला मात्र तिला राहवलं नाही. मी बादलीवर खुणा करून एका माणसाच्या आंघोळीला किती पाणी पुरतं ते दाखवत होते. तिने कुलदीपला मोरीत उभं केलं, एक तांब्या घेतला आणि त्या एका तांब्यात त्याला केसांपासून टाचांपर्यंत धुऊन काढलं. तळाशी उरलेल्या पाण्यात त्याची चड्डी पिळली. मी वही काढून लिहून घेतलं. वहिनी मला आंघोळीच्या पाण्यावरून बोलायच्या, तेव्हा ते मला फार उपयोगी पडलं.

तिला एवढी चिकाटी कुठून, हे मी एकदा विचारलं. दुसरा महिना चालू होता. तिने पोटावरचा पदर सारखा केला तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी समाजकार्याची पदवीधर, पण समोरची बाई सहा महिन्यांची पोटुशी आहे हे मला तिने सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

“दोन पोरं पुलाखाली झाली बाई,” रखमा म्हणाली. “कुलदीपच्या टायमाला पुतळा आन् आत्याबाई लुगडं धरून हुब्या व्हत्या. वाऱ्यानं लुगडं उडायचं. ट्रकवाले थांबून बघायचे. एकानं तर हार्न वाजवला. तवाच मनात धरलं, आता जे काय व्हईल ते दाराआड. मग मला तुमचा तो फ्रिजबी पाठ करायला सांगा, मी करते.”

ती रडत नव्हती. मी मात्र उगाच खडू शोधायला लागले. त्या दिवसापासून मला पुस्तिकेचा राग यायला लागला आणि ती खोली रखमाला मिळाली पाहिजे असं मी ठरवून टाकलं. ठरवणारी मी कोण, हा प्रश्न वेगळा.

अडचण एकच होती. ताईंचा नियम होता की परीक्षेला संपूर्ण कुटुंब हजर पाहिजे आणि प्रत्येक मोठ्या माणसाला किमान एक धडा यायला पाहिजे. राहीबाई तर पुलाखालून हलायची नाही. का हलत नाही, तर जागा धरून. पुलाखालची सगळी बिऱ्हाडं हे पाळायची. सगळ्यांनी एकदम कधीच उठायचं नाही. लग्न असो, मयत असो, एक माणूस खांबाला पाठ लावून बसलेलं पाहिजे. जागा रिकामी दिसली की दुसरं बिऱ्हाड तरी येतं, नाहीतर सामान उचलणारी महापालिकेची गाडी तरी.

कुलपाच्या धड्याला कृष्णातने हेच ऐकवलं होतं. मी कुलूप कसं लावावं, ओढून कसं बघावं ते दाखवत होते.

“बाई, कुलूप लावलं की रस्त्यानं जानाऱ्याला कळतं, आत कुनी न्हाय,” तो म्हणाला. “म्हंजे चोराला आपनच पाटी लिवून दिल्यासारकं. त्यापरीस आमची आय बसल्याली बरी.”

मग मीच पुलाखाली गेले. राहीबाई साठीची असेल, किंवा सत्तरीची, तिलाही नक्की ठाऊक नव्हतं. कपाळावर गोंदण, नाकावर जाडसर चष्मा, त्याची एक काडी सुतळीची. शेजारी चूल, डोक्यावर निळं प्लास्टिक, पाठीला पुलाचा खांब. मी तिला बारा धडे वाचून दाखवले आणि विचारलं, “आजी, तुम्हाला यातला कुठला शिकायला आवडेल?”

तिने बोट ठेवलं ते सातव्यावर. ‘दार वाजल्यास’. तो धडा ताईंनी शब्दशः असा लिहिला होता : ‘दार वाजल्यास लगेच उघडू नये. आतूनच नाव व काम विचारावे. अनोळखी व्यक्तीकडे ओळखपत्र मागावे. साखळी लावूनच दार किलकिले करावे. कर्ता पुरुष घरी नसल्यास नम्रपणे परंतु ठामपणे नंतर येण्यास सांगावे.’

दार नव्हतंच. मी खडूने जमिनीवर रेघ ओढली आणि रेघेबाहेर उभी राहिले.

“टिंगटाँग,” मी म्हणाले.

“या की,” राहीबाई म्हणाली.

“असं लगेच या म्हणायचं नाही आजी. आधी विचारायचं, कोण?”

“तुमी दिसताय की.”

“मी दिसत नाहीये. मध्ये दार आहे.”

राहीबाईने रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डोळे मिटून घेतले. “कोन?”

“वीजमीटरवाला.”

“काय काम हाय?”

“मीटर बघायचंय.”

“वळखपत्र दावा.”

आजूबाजूची बिऱ्हाडं गोळा झाली. पुतळा हसून हसून खाली बसली. मग तीच वीजमीटरवाला झाली, मग हवालदार, मग लांबची नणंद. राहीबाईने एकालाही आत घेतलं नाही. दर खेपेला तिचा आवाज चढत गेला. नम्रपणे हा भाग तिला काही केल्या जमला नाही, पण ठामपणे फार सुरेख यायचं. आठवडाभर रोज संध्याकाळी हाच खेळ चालला. शेवटच्या दिवशी ती मला म्हणाली, “बाई, पाच वर्सं झाली. कुनीबी येतंय, भांड्याला लाथ मारतंय, प्लॅस्टिक वढतंय. पन ‘कोन’ म्हनून इचारायचा हक्क असतो, हे मला कुनी सांगितलंच न्हवतं. ह्यो धडा लई झ्याक हाय. कुनी लिवला?”

मी म्हटलं, “चारुलताताईंनी.”

“शानी बाई हाय,” राहीबाई म्हणाली.

परीक्षा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकराला ठरली. राहीबाईने येते म्हणून शब्द दिला होता. पुतळा जागेवर बसणार होती. पण सकाळी पुतळाला गाळ्यावर कांदे निवडायचं काम लागलं, ती गेली, आणि राहीबाई उठली नाही.

नेरूळच्या खोलीत बाकी सगळं जय्यत होतं. रखमाने फरशी पुसली होती, मोनालीच्या दोन्ही वेण्यांची लांबी सारखी होती, कृष्णातने शर्ट पँटमध्ये खोचला होता आणि त्यामुळे त्याला श्वास घेता येत नव्हता. ताई आल्या, मागोमाग ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्या दोघी. रखमाने ट्रेमधून पाणी दिलं. नवव्या धड्याप्रमाणे ट्रे छातीच्या उंचीवर, पोट आठव्या महिन्याचं असल्यामुळे जरा पुढे. ताई खूश झाल्या. मग त्यांनी कपाट उघडलं.

कपाट रिकामं होतं. परीक्षेला मांडून दाखवायला सोबत आणलेले डबे, कपडे, भांडी, सगळं एका चादरीत बांधून दाराशी ठेवलेलं होतं. गाठ अशी मारलेली की एका झटक्यात खांद्यावर घेता यावं. मी डोक्याला हात लावला. तीन महिने मी फडताळ शिकवलं, त्यांनी ते पाठही केलं होतं, पण हात सवयीने गेले होते.

“हे काय?” ताईंनी विचारलं.

“हाताशी आसलेलं बरं,” कृष्णात म्हणाला. “पळायची येळ आली तर.”

“पळायची? घरातून?” ताईंनी वहीत काहीतरी लिहिलं. “आणि तुमच्या आई कुठे आहेत?”

“जागंवर हाय.”

“कुठल्या जागेवर?”

“पुलाखाली. जागा धरून बसलीया. खोली न्हाय मिळाली तर?”

ताईंनी पेनाचं टोपण लावलं. त्या माझ्याकडे वळल्या आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या, त्याचा अर्थ असा की ही माणसं मनाने अजून पुलाखालीच आहेत. रखमाला इंग्रजी येत नव्हतं, पण तिचा ट्रे खाली आला. मी म्हटलं, “ताई, अर्धा तास द्या. मी आजींना घेऊन येते.” ताईंनी घड्याळ पाहिलं. दोघींपैकी एकीला चहा हवा होता, म्हणून अर्धा तास मिळाला.

रिक्षा करून मी तुर्भ्याला पोचले. राहीबाई खांबाला पाठ लावून बसली होती, नवं लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून. जायची तयारी पूर्ण होती, फक्त बसायला माणूस नव्हतं.

“मी बसते आजी,” मी म्हटलं. “ही रिक्षा तुम्हाला थेट दारात सोडेल. पळा.”

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. कडक इस्त्रीची हिरवी कॉटनची साडी, खांद्याला पर्स.

“पाय पसरून बसा,” ती म्हणाली. “गुडगे जवळ घेतलं की पाव्हनी वाटता. तोंड रस्त्याकडं. आन् त्यो समोरचा च्यावाला दिसतोय न्हवं, त्याच्यावर नजर ठिवा. त्यो स्टो इझवून टपरी आवराय लागला की समजायचं, गाडी आली. समदं बोचक्यात घालायचं आन् नाल्याकडं जायचं. गाडी गेली की परत यायचं. ध्यानात ऱ्हाईल?”

मी म्हटलं, “आजी, त्यात काय एवढं?”

हे वाक्य मला आजही आठवलं की कानशिलं तापतात.

रिक्षा गेली. मी पाय पसरून बसले, पण दोन मिनिटांत लाज वाटून जवळ घेतले. मग पर्समधून मूल्यमापनाचा तक्ता काढला आणि राहीबाईला सातव्या धड्यासाठी किती गुण द्यावेत याचा विचार करू लागले. नम्रपणाचे दोन कापावेत का, वगैरे. मध्ये एकदा मान वर केली तर चहावाला स्टो विझवून ग्लास टोपलीत भरत होता. मी मनात म्हटलं, बारा वाजत आले, जेवायला निघाला असेल बिचारा. आणि पुन्हा तक्त्यात डोकं घातलं.

गाडी आली तेव्हा आजूबाजूची सगळी बिऱ्हाडं गायब होती. ओळीने रिकामे खांब आणि एका खांबाशी मी. गाडीतून उतरलेला साहेब माझ्याकडे बघून बुचकळ्यात पडला.

“मॅडम, तुमी हितं काय करताय?”

“मी बसलेय,” मी म्हटलं. “ही जागा धरलेली आहे.”

“कोणासाठी?”

मी समाजकार्याची पदवी सांगितली, मंडळाचं नाव सांगितलं, सुगृहाचे बारा धडे सांगितले. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “छान आहे. जरा बाजूला होता का?” आणि मी झाले. काय सांगू, लहानपणापासून कोणी नीट बोलून बाजूला व्हायला सांगितलं की मी होते. माणसांनी प्लास्टिक ओढलं, चूल फोडली, पत्र्याची पेटी, गोधड्या, पिंप, सगळं गाडीत टाकलं. मग भानावर येऊन मी पेटीला लोंबकळले, साडी टरकन फाटली, आणि मी त्या साहेबाला जे शब्द ऐकवले ते पदवीच्या तिन्ही वर्षांत कुठल्याही पुस्तकात नव्हते. त्याचा उपयोग झाला नाही. पाठोपाठ दुसरी गाडी आली आणि खांबांच्या मधल्या जागेत मोठाले दगड ओतून गेली. आता तिथे कुणालाच बसता येणार नव्हतं.

पुतळा कामावरून धावत आली तोवर सगळं आटोपलं होतं. नाल्याच्या कडेला पडलेला तवा आणि एक गोधडी तेवढी तिला मिळाली. तिने दोन्ही माझ्या हातात दिलं.

“बाई,” ती म्हणाली, “तुमी बसला, पन धरली न्हाय.”

मी त्या दगडांवर बसून रडले. अगदी मोठ्याने रडले. राहीबाईने पाच वर्षं जी जागा सांभाळली ती मी पाऊण तासात घालवली होती, आणि तीही गुणांचा तक्ता भरताना.

तवा आणि गोधडी घेऊन मी नेरूळला पोचले तेव्हा निकाल लागला होता. म्हणजे लागला नव्हता. राहीबाईला पाहून ताईंचं समाधान झालं होतं, पण दाराशी बांधलेलं ते गाठोडं त्यांच्या मनातून जात नव्हतं. कुटुंबाची ‘मानसिक तयारी’ अपुरी आहे, म्हणून निर्णय पाडव्यानंतरच्या बैठकीत घ्यावा, असं ठरलं होतं. दोघी म्हणाल्या होत्या, बरोबर आहे. पाडवा एप्रिलमध्ये. रखमाचे दिवस भरत होते मार्चच्या सुरुवातीला.

मी फाटक्या साडीत दारात उभी राहिले आणि सांगितलं, “पुलाखालची जागा गेली. सामान गेलं. माझ्यामुळे गेलं.”

कृष्णात भिंतीला टेकला. रखमाने माझ्या हातातली गोधडी घेतली, उलगडून बघितली, पुन्हा घडी घातली. राहीबाई माझ्याकडे एकटक बघत होती आणि त्या नजरेपुढे मला उभं राहवत नव्हतं.

“च्यावाला?” तिने एवढंच विचारलं.

“दिसला होता,” मी म्हटलं. “मला वाटलं, जेवायला चाललाय.”

चारुलताताईंनाही वाईट वाटलं. ते खोटं नव्हतं, त्यांचे डोळे ओले झाले होते. “फार वाईट झालं,” त्या म्हणाल्या. “पण अस्मिता, नियम एकासाठी वाकवला की सगळ्यांसाठी वाकवावा लागतो. पाच वाजेपर्यंत यांना इथे बसू दे. मग कुलूप लाव आणि किल्ली घरी आणून दे.” आणि तिघी गाडीकडे गेल्या.

‘सगळ्यांसाठी’ म्हणजे कोणासाठी, हे मला विचारायचं होतं. वर्गात एकच कुटुंब उरलं होतं.

राहीबाई उठली. मला वाटलं, आता ही मला दोन शब्द सुनावणार आणि ते माझ्या हक्काचे आहेत. पण ती दाराशी गेली. चादरीच्या गाठोड्याची गाठ सोडली. डबे काढून रखमाकडे दिले आणि म्हणाली, “फडताळात मांड.” मग उरलेली गोधडी उंबऱ्याच्या आत अंथरली, भिंतीला पाठ लावली, पाय पसरले, आणि हात लांबवून दार लोटलं. कडी नाही, साखळी. धड्यात सांगितल्याप्रमाणे.

“आय, काय करतीयास?” कृष्णातने विचारलं.

“बसले,” राहीबाई म्हणाली.

त्याच वेळी बेल वाजली. टिंगटाँग.

खोलीत सगळे जागच्या जागी थिजले. मोनालीने कुलदीपच्या तोंडावर हात ठेवला. राहीबाईने डोळे मिटले, जसे ती रेघेच्या आत बसून मिटायची.

“कोन?”

“मी आहे. चष्मा राहिला माझा आत.” ताईंचा आवाज.

“मी कोन?”

“अहो, मी चारुलता. दार उघडा.”

“काय काम हाय?”

“सांगितलं ना, चष्मा!”

“वळखपत्र दावा.”

शेजारच्या ओट्यांवर माणसं आल्याची चाहूल लागली. रविवारची दुपार, सगळे घरीच. ताई आवाज खाली आणून म्हणाल्या, “आजी, हे मंडळाचं घर आहे. मला ओळखत नाही का तुम्ही? अस्मिता, तू आहेस ना आत?”

राहीबाईने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. रखमाने पाहिलं, हातात डाळीचा डबा तसाच. मला आठवतंय, त्या क्षणी मला पगार आठवला, वहिनी आठवल्या, फोल्डिंग कॉट आठवली. मघाशी मी एका माणसाच्या ‘जरा बाजूला होता का’वर बाजूला झाले होते. मी खाली गोधडीवर बसले, राहीबाईच्या शेजारी, आणि पाय पसरले.

“कर्ता पुरुष घरी न्हाय,” राहीबाई दाराकडे तोंड करून म्हणाली. समोर कृष्णात उभा होता, तो पटकन मोरीत गेला. “सांच्याला या.”

“हा काय प्रकार आहे?” ताई म्हणाल्या.

“सातवा धडा आहे ताई,” मी आतून म्हटलं. “तुम्हीच लिहिलाय.”

मग मी ओट्यावरचा चष्मा घेतला, साखळीच्या फटीतून बाहेर धरला. फटीतून ताईंचा अर्धा चेहरा दिसला. चिडलेला होता, पण त्याहून जास्त गोंधळलेला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी दाराबाहेर उभं केलं असावं. चष्मा घेऊन त्या गेल्या. मी तक्ता काढला आणि राहीबाईच्या नावापुढे सातव्या धड्याचे दहापैकी दहा लिहिले. नम्रपणाचे कापले नाहीत.

माझी नोकरी दुसऱ्या दिवशी गेली. मंडळाने मात्र त्या कुटुंबाला बाहेर काढलं नाही. कसं काढणार? फेब्रुवारीत देणगीदार भेटीला यायचे होते. त्यांना ‘घरात घुसून बसले’ असं सांगण्यापेक्षा ‘पहिल्या कुटुंबाचं पुनर्वसन झालं’ असं सांगणं ताईंना सोपं गेलं. अहवालात फोटोही छापला. त्यात रखमा कपाटाशेजारी उभी आहे आणि कपाट भरलेलं आहे. अकरा महिन्यांचा करार पुढे दोनदा वाढला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रखमाला मुलगी झाली. दाराआड. सुईण आली तेव्हा आतून ‘कोन? काय काम हाय?’ झालं, आणि सुईणीकडे ओळखपत्र नव्हतं. कृष्णातने मध्ये पडून साखळी काढली म्हणून बरं.

पाचव्या दिवशी मी बाळ बघायला गेले. माझीही झडती झालीच, नाव, काम, सगळं. बाळाला बघून झालं, चहा झाला, निघताना पर्समध्ये हात घातला तर किल्ली हाताला लागली. ताईंना नेऊन द्यायची राहूनच गेली होती. राहीबाई उंबऱ्याच्या आत तिच्या जागेवर बसली होती, भिंतीला पाठ, तोंड रस्त्याकडे. मी किल्ली तिच्यापुढे धरली.

“आजी, ही ठेवा. कुलपाची आहे. सगळे कुठे बाहेर गेलात तर लागेल.”

तिने किल्ली हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली आणि मला परत दिली.

“मला कशाला?” राहीबाई म्हणाली. “मी कुटं उठनार हाय?”